मे महिन्यात या, साहेब

९ फेब्रुवारी २०२५
कोना, हवाई

ताई,

नमस्कार लिहिते. घ्यायचा की नाही ते तू ठरव. साडेपाच वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. कुणी आजारी नाही, मला काही मागायचं नाही आणि जुनं भांडण उकरून काढायची तर अजिबात हौस नाही. तू माझा फोन ब्लॉक केला आहेस, ई-मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून टपालाला शरण आले. इथल्या पोस्टातल्या बाईनेसुद्धा विचारलं, "लेटर? रिअल लेटर?"

काम अगदी किरकोळ आहे. घटस्फोटानंतर मी वेस्ट विंडसरला तुझ्याकडे चार महिने राहिले होते, तेव्हा माझी खोकी तुझ्या बेसमेंटमध्ये ठेवली होती. तीन नंतर मागवून घेतली. चौथं अजून तिथेच असेल. केळ्यांचं खोकं, वर मार्करने 'उल्का – ऑफिस' लिहिलेलं, पाण्याच्या पंपाशेजारच्या फळीवर. ते टाकून दे. जुने नकाशे आणि बुरशी धरलेली पुस्तकं आहेत, उघडून बघण्यासारखं काही नाही. उघडलंस तर शिंका येतील, तुला धुळीचा त्रास आहेच.

रिसायकलच्या डब्यात नको, सरळ कचऱ्यात टाक. मंगळवारी तुमच्याकडे गाडी येते हे मला आठवतं. टाकलंस की इशिताला मला नुसतं 'डन' एवढा मेसेज करायला सांग. तेवढ्याने तू माझ्याशी बोललीस असं होत नाही, तुझा अबोल्याचा पण शाबूत राहील.

उल्का


२३ फेब्रुवारी

ताई,

'डन' आलं नाही. दोन मंगळवार गेले.

मी तुला ओळखते. 'उघडू नकोस' म्हटलं की तू आधी उघडणार. लहानपणी आईने फडताळात ठेवलेले लाडू तुझ्यामुळेच मोजावे लागायचे. तेव्हा आता सरळच सांगते. त्या खोक्यात हिरव्या पुठ्ठ्याची एक डायरी आहे, २००७ सालची माझी फील्डची वही. मी ती मराठीत लिहायची, कारण ऑफिसात कुणाला वाचता येऊ नये. ती वही मला नको आहे आणि कुणाच्याच हाती लागायला नको आहे.

कारण सांगते, म्हणजे तू भलतंसलतं मनात आणणार नाहीस. इथे किनाऱ्यालगत शंभर बंगले उभे करायचे आहेत. समोर समुद्राच्या बाजूने काँक्रीटची भिंत आणि त्यावरून फिरायला रस्ता. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अशा प्रकल्पाला परवानगी देण्याआधी इथे सरकारला तीन गोष्टी तपासाव्या लागतात: त्या जागेवर हवाईयन लोकांची काही जुनी वहिवाट आहे का, प्रकल्पाने तिचं काय नुकसान होईल, आणि ती वाचवायला काय करता येईल. झाडं, पक्षी, झरे, मासेमारी, पूजेच्या जागा, सगळं त्यात आलं. ते शोधून अहवाल लिहिणं हे आमच्या कंपनीचं काम. २००७ साली त्या जागेचा अहवाल मी लिहिला होता. मंदीत प्रकल्प बासनात गेला, आता पुन्हा वर आला आहे आणि परवानगी माझ्या त्याच जुन्या अहवालावर मागितली आहे.

तिथल्या एका कुटुंबाने हरकत घेतली आहे. ते म्हणतात, त्या खडकांत आमची चार पिढ्यांची मीठ करायची जागा आहे. काळ्या खडकात थाळ्याएवढे खळगे आहेत, त्यात समुद्राचं पाणी नेऊन ओतायचं, उन्हात सुकवायचं आणि मीठ खरवडायचं. भिंत बरोबर त्यावर येते. माझ्या अहवालात मात्र मिठाचा म सुद्धा नाही. एप्रिलमध्ये सुनावणी आहे.

आता डायरीत काय आहे ते ऐक. त्या वर्षी मला तिथे आंटी पुआ भेटली होती. इथे आपल्या काकू-मावशीसारखं सगळ्या मोठ्या बायकांना आंटी म्हणतात. तिने मला मीठ करताना दाखवलं आणि वचन घेतलं, की हे कुणाला सांगू नकोस. हे लोक आपल्या जागा परक्यांना सांगत नाहीत, जागा कळली की माणसं येतात आणि उचकापाचक करतात. मी ते वचन अठरा वर्षं पाळलं. आता वही बाहेर आली तर त्या म्हातारीचा विश्वासघात होईल. एवढंच आहे. म्हणून टाक म्हणते.

मिठाची गोष्ट आहे म्हणून तू लगेच बाबांपर्यंत जाशील. जाऊ नकोस, कृपा कर.

उल्का


८ मार्च

ताई,

इशिताचा फोन आला होता. "मावशी, मॉम इज नॉट ओके. शी रेड युअर डायरी, लाइक, द होल थिंग. आता ती कुणाशीच बोलत नाहीये. डॅडने चहा केला तर तो पण तसाच राहिला. व्हॉट डिड यू डू, मावशी?"

मी काय केलं! वाह. दुसऱ्याची वही तू वाचायचीस आणि जाब मला? कुणी सांगितलं होतं वाचायला? तीस वर्षं लॅबमध्ये दुसऱ्यांच्या रक्ताचे नमुने तपासून तुला सवयच लागली आहे, प्रत्येकाला काचेखाली धरायची.

बरं, रागावून उपयोग नाही. वेळ कमी आहे, म्हणून आता सगळं सांगते.

जानेवारीत विरुद्ध बाजूने मागणी केली की अहवालाच्या वेळच्या मूळ नोंदी दाखवा. आमच्या वकिलाने विचारलं, आहेत का? मी म्हटलं, नाहीत. त्याने कागद पुढे केला आणि मी शपथेवर सही केली की 'मूळ नोंदवह्या आता अस्तित्वात नाहीत.' सही करताना मला तुझ्या बेसमेंटमधली फळी डोळ्यांसमोर स्वच्छ दिसत होती. मग मला वाटलं, अस्तित्वात नसणं ही काय मोठी गोष्ट आहे, एका मंगळवारचं काम. म्हणून ते पहिलं पत्र. ई-मेल करणार नव्हतेच, ई-मेल वकील उपसून काढतात.

म्हणजे आता ती वही निघाली तर मी खोटी शपथ घेतली असं ठरतं. नोकरी जाईलच, त्यापुढचं काय ते मी वकिलालाही अजून विचारलेलं नाही. पन्नाशीला आले आहे, ताई. घरात एकटी आहे. या कंपनीचं मीठ मी एकोणीस वर्षं खाल्लं आहे आणि दुसरं कुणी मला आता उभं करणार नाही. मला भीती वाटते.

तुझ्याकडच्या गणपतीतलं तुझं वाक्य मी विसरलेले नाही. मी चार लोकांत गंमत म्हणून सांगत होते, की आमचे सर्व्हे नेहमी जानेवारीत असतात, तेव्हा समुद्र खवळलेला, खळग्यांत लाटांचं पाणी आणि वाळू, कोणाला काही दिसतच नाही, अहवाल कसा झटपट होतो. सगळे हसले. तू आरतीचं तबक खाली ठेवलंस आणि सगळ्यांदेखत विचारलंस, "बाबांचं मिठागर ज्याने बुजवलं, त्याच्यात आणि तुझ्यात फरक काय, उल्का?" मी प्रसाद न घेता निघाले. तेव्हा मला वाटलं होतं की तू माझा अपमान केलास. खरं म्हणजे तू बरोबर ओळखलं होतंस, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

पण ते वचन खरं आहे. आंटीला दिलेलं. तेवढ्यासाठी तरी वही फाडून टाक.

उल्का


१७ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. साडेपाच वर्षांत तुझ्याकडून आलेला पहिला मजकूर, आणि तो माझाच.

'पान एकोणचाळीस. आंटी म्हणाली, लिही. माझं नाव घालून लिही. — हे तुझ्याच अक्षरात आहे. पद्मजा.'

बास. हरले मी.

तिने कसलंही वचन घेतलं नव्हतं. ते मी तुला लिहिताना रचलं, आणि रचलं तेव्हा मलाही ते जवळपास खरं वाटायला लागलं होतं. इथले बरेच लोक आपल्या जागा परक्यांना सांगत नाहीत हे खरं आहे, त्याचाच मी आडोसा घेतला. खरं काय झालं ते आता लिहिते, तू वाचलेलं असलंस तरी. वहीत सगळं नाही.

जानेवारी २००७ मध्ये आम्ही तिघं जण सर्व्हेला गेलो होतो. खळगे पाण्याने भरलेले. बाकी दोघांनी 'नैसर्गिक खाचा' असं लिहिलं. मी वाकून बघितलं. एकाच्या कडेला मातीचा हात फिरवून काठ उचललेला होता. आपल्याकडे आगराचा बांध पावसात ढासळतो, तरी त्याची कड हाताला लागते, तशी. उरणच्या मिठागरात वाढलेल्या पोरीला ते कळणार नाही तर कुणाला कळणार? मी गप्प बसले. मनात म्हटलं, पुन्हा येऊन खात्री करू.

ऑगस्टमध्ये, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, एका शनिवारी एकटी गेले. ताई, सगळे खळगे पांढरे. मी गुडघ्यावर बसून चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि मागून आवाज आला, "हेय! हू टोल्ड यू टच?" गवती टोपी घातलेली, रुंद खांद्यांची बाई. मी घाबरून भडाभडा सांगत सुटले, की माझ्या बाबांचं मिठागर होतं, आम्ही पण असंच करायचो. ती कितीतरी वेळ माझ्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, "ओके. यू कॅरी वॉटर." दुपारपर्यंत मी तिच्याबरोबर पाणी वाहिलं. जाताना तिने बरणीभर मीठ दिलं. मी पाकीट काढलं तर हातावर चापट मारली. ते मीठ विकत नाहीत, फक्त देतात. विकलं तर पुढच्या वर्षी खळग्यात मीठ धरत नाही म्हणतात. त्यातलं अर्धं मी तुला पाठवलं होतं. तू लिंबाच्या लोणच्यात घातलंस आणि फोन करून म्हणालीस, बाबांच्या मिठासारखं लागतं.

मग मी आंटीला सांगितलं, की मी त्या कंपनीची आहे, अहवाल मीच लिहिते. मला वाटलं ती हाकलून देईल. ती म्हणाली, "गुड. मग लिही. माझं नाव घालून लिही. माझ्या आईचंही." आणि दोन्ही नावं तिने मला नीट उच्चारून, दोनदा सांगितली.

सोमवारी मी साहेबांकडे गेले. मसुदा तयार होता. ते लिहिलं असतं तर उन्हाळ्यात नव्याने सर्व्हे करायला लागला असता, म्हणजे एक वर्ष पुढे. साहेब ओरडले नाहीत, गोड बोलले. "सर्व्हेच्या कालावधीत तुला काही दिसलं का?" एवढंच विचारलं. कालावधी म्हणजे जानेवारी. माझ्या ग्रीन कार्डाची फाइल त्यांच्या टेबलावर होती, तिच्यावर त्यांनी हात ठेवला नव्हता, मला उगीच तसं आठवतं. मी म्हटलं, नाही. आणि जागेवर येऊन लिहिलं: 'सर्वेक्षणाच्या कालावधीत कोणतीही पारंपरिक वहिवाट आढळली नाही.' यात एक शब्द खोटा काढून दाखव. नाही सापडणार. तीच माझ्या हातची कला.

आता एक गोष्ट तुला माहीत नाही. बाबांच्या आगराची मोजणी झाली तेव्हा तू अलिबागला हॉस्टेलवर होतीस. मी तेरा वर्षांची होते. ऐन जुलैत तो माणूस आला. आगरात सगळीकडे गुडघाभर पाणी, बांध खचलेले, मिठाच्या राशी पेंढ्याखाली झाकलेल्या. बाबा त्याच्यामागे हात जोडून चिखलातून चालत होते. "मे महिन्यात या, साहेब. मे महिन्यात इथे डोळे उघडे ठेवता येत नाहीत इतकं पांढरं असतं." तो हूं हूं करत लिहीत होता. 'पडीक, पाणथळ.' त्याचे कागद भिजू नयेत म्हणून छत्री कुणी धरली होती माहीत आहे? मी. बाबांनीच सांगितलं होतं, साहेबांवर छत्री धर. मी त्याच्या खांद्यावरून वाचलं तो काय लिहितोय ते. वाचता येत होतं मला. मी काही बोलले नाही. त्याच दोन शब्दांवर पुढे आगर बुजवलं गेलं.

तू म्हणतेस फरक काय. एक आहे. त्याला मिठागर माहीत नव्हतं.

आता वहीचं काय करायचं ते तुझ्या हातात आहे. विरुद्ध बाजूच्या वकिलाला पाठव, हवं तर. पत्ता इंटरनेटवर मिळेल.

उल्का


३० मार्च

ताई,

तुझं पार्सल आलं. तू वकिलाला पाठवशील असं मी धरून चालले होते. तू मला पाठवलंस. एक ओळ नाही, चिठ्ठी नाही. नुसती हिरवी वही आणि बंद पाकीट, वर लिहिलेलं, 'वही दिलीस तरच उघड.' अशी शिक्षा तुलाच सुचू जाणे.

मी चार दिवस ती ओट्यावर ठेवून फिरत होते. खोटं नाही सांगत, एकदा गॅसही पेटवला. सुनावणी दहा तारखेला आहे आणि ही वही आहे हे तुझ्या घराबाहेर माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. तू तोंड उघडणार नाहीस हे पार्सलवरून कळलंच. म्हणजे मला अडवणारं कुणी नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

काल आंटी पुआकडे गेले. हे करायला नको होतं, खटला चालू असताना दुसऱ्या बाजूला भेटायचं नसतं. गेले. दार तिच्या मुलीने, नोएने उघडलं. माझ्याच वयाची आहे. नाव सांगितल्यावर तिचा चेहरा दगड झाला.

"तू ती. तुझ्या रिपोर्टमध्ये तिथे कुणी नाही."

मी म्हटलं, "हो."

"मग आम्ही कुठे होतो?"

अहवालातलं वाक्य तोंडात आलं, सर्वेक्षणाच्या कालावधीत, आणि मी ते गिळलं. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि उत्तराची वाट बघत होती. माझ्या रिपोर्टमुळे तिला गेली दोन वर्षं वेगवेगळ्या कार्यालयांत जाऊन सिद्ध करावं लागतंय, की ती लहानपणी ज्या खडकावर वाढली तिथे ती होती.

आतून आवाज आला, "नोए, हू डॅट? शी एट ऑरेडी?" म्हणजे आपलं 'जेवली का ती?' आंटी आता चौऱ्याऐंशीची आहे. खिडकीशी बसलेली असते, माणसं ओळखत नाही. मलाही ओळखलं नाही. पण जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणाली. नोएने नाइलाजाने ताट वाढलं. भाजलेली मासळी, उकडलेल्या अळकुड्या कुटून केलेली पोई, आणि ताटाच्या कडेला चिमूटभर मीठ. जाडं, किंचित करडं. मी ते खाल्लं.

आंटीने विचारलं, "गुड?" मी मान हलवली. ती म्हणाली, "पुढल्या उन्हाळ्यात ये. पाणी वाहायला माणूस लागतो."

नोए गाडीपर्यंत आली. तिला वहीबद्दल सांगायचं होतं, पण आधी कबूल करून मग कच खाल्ली तर तिच्यावर दुसऱ्यांदा तेच केल्यासारखं होईल, म्हणून गप्प राहिले. तिने एवढंच विचारलं, "का आली होतीस?"

मी म्हटलं, "भूक लागली होती." मूर्ख उत्तर. पण खोटं नव्हतं.

उल्का


१२ एप्रिल

ताई,

वही दिली.

सगळं क्रमाने सांगते, नाहीतर माझाच विश्वास बसायचा नाही. सुनावणी एका कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये होती, घडीच्या खुर्च्या, मागे शंभरेक माणसं. आमचा वकील मला सकाळी कॉफी देत म्हणाला, "इझी पीझी. अहवाल तुझाच आहे एवढं सांग आणि उतर." मी माझी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. नाव पुकारलं तेव्हा ती घेऊनच पुढे गेले. मग शपथ झाली आणि त्याने विचारायच्या आत मी म्हटलं, "मला माझं आधीचं प्रतिज्ञापत्र मागे घ्यायचं आहे. नोंदवही आहे. ही."

आमच्या वकिलाची कॉफी कागदांवर सांडली. दहा मिनिटांची सुट्टी झाली. कॉरिडॉरमध्ये त्याने मला सांगितलं की माझा स्वतःचा वकील आहे का ते बघ, कारण तो आता माझा नाही. साहेब फोनवर होते. ते फक्त म्हणाले, "उल्का, व्हाय?" एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज म्हातारा वाटला. मला त्यांचं वाईट वाटलं, आणि तरीही मी आत गेले.

सुनावणी घेणारे अधिकारी, पांढऱ्या केसांचे, चष्मा नाकावर, वही उलटसुलट करून बघत होते. "हे कोणत्या भाषेत आहे?" मी म्हटलं, मराठी. ते म्हणाले, आधी मूळ भाषेत वाचा, रेकॉर्डवर येऊ दे. तर ताई, हवाईच्या त्या हॉलमध्ये मी पान एकोणचाळीस मोठ्याने मराठीत वाचलं. आंटीच्या आईचं नाव आलं तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी ते माझ्याबरोबर उच्चारलं. मग आणखी काही जणांनी. नोए तोंडावर हात धरून बसली होती.

त्यानंतर मी इंग्रजी करून सांगितलं. बिल्डरचा वकील उठला. पिसाळलाच होता. "भाषांतर साक्षीदार स्वतः करतेय. ती आज शपथ बदलते, तर अर्थही बदलेल. इथे दुसरं कोण मराठी वाचतं?" अधिकाऱ्यांनी हॉलकडे बघितलं. कुणी नव्हतं. त्यांनी वही बाजूला सरकवायला हात लावला आणि मला वाटलं, संपलं. आता हे नुसतं एका खोटारड्या बाईचं बोलणं राहणार.

तेव्हा पर्समधलं तुझं पाकीट आठवलं.

तिथेच, सगळ्यांसमोर फोडलं. ताई, तू काय बाई आहेस! पान एकोणचाळीसचं इंग्रजी, ओळीला ओळ लावून टाइप केलेलं, खाली तुझी शपथपूर्वक सही आणि वेस्ट विंडसरच्या बँकेतल्या नोटरीचा शिक्का. शिक्क्यावर तारीख चौदा मार्च, मी तुला खरं सांगण्याच्या तीन दिवस आधीची. माझ्यावर विश्वास नव्हता तुझा, पण जागा ठेवली होतीस माझ्यासाठी. अधिकाऱ्यांनी दोन्ही शेजारी ठेवून वाचलं. तुझं आणि माझं जुळलं.

एक ओळ सोडून. ती मी वाचलीच नव्हती. पानाच्या तळाशी, वेगळ्या शाईत. घाईत नजर गेली नाही, असं मी म्हणणार होते, पण आता तुझ्याशी पुरे. मी ती टाळली. तू टाळली नाहीस. अधिकाऱ्यांनी तुझ्या भाषांतरातून ती मोठ्याने वाचली: 'आज अहवाल दिला. जुलैत आलेला माणूस मी झाले. बाबांना कधी कळू नये.'

म्हणजे मला तेव्हाच माहीत होतं. गणपतीत तू विचारलंस त्याच्या बारा वर्षं आधी मी स्वतःला उत्तर देऊन ठेवलं होतं.

त्यांनी विचारलं, "हू केम इन जुलै?" आणि मी बाबांची गोष्ट सांगितली. मिठागर, पाऊस, पेंढ्याखालच्या राशी, ती छत्री. शपथेवर सांगितली. बाबांचं नावही सांगितलं, पूर्ण. टायपिस्टने दोनदा स्पेलिंग विचारलं. आपल्या बाबांचं नाव आता हवाईच्या सरकारी कागदांत आहे, त्यांच्या स्वतःच्या तालुक्याच्या कागदांत ते कधी आलं नाही.

नोकरी गेली. टेबल आवरायला शुक्रवारी बोलावलं आहे. शपथेच्या प्रकरणात पुढे काय होईल ते नवा वकील सांगेल, तो फार हसत नाही. मला झोप लागली मात्र, गाढ.

आता निकाल. परवानगी दिली नाही आणि नाकारलीही नाही. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ज्या महिन्यात एखादी गोष्ट होतच नाही त्या महिन्यात ती शोधून काही सिद्ध होत नाही. मग नोएकडे वळून विचारलं, कुटुंबाची परवानगी असेल तर आम्हाला ती जागा स्वतः बघायची आहे, कधी यावं? तोवर एक दगडही हलणार नाही.

नोए उभी राहिली आणि म्हणाली, "ऑगस्टमध्ये या."

ताई, मी तिथे खुर्चीवर बसून लहान मुलीसारखी रडले. सदतीस वर्षं लागली, समुद्रही दुसरा आहे, पण साहेब येणार आहेत. पांढरं असेल तेव्हा येणार आहेत.

आंटीला पाणी वाहायला माणूस लागतो. नोएने मला बोलावलं आहे, माफ केलं आहे असं मात्र म्हणालेली नाही. मी विचारलं, बहिणीला आणू का, तिलाही मिठागर येतं. ती म्हणाली, हात चांगले असतील तर आण.

तू ऑगस्टमध्ये ये.

उल्का